रेवाल चालीचा कुत्रा

आयुष्यात मी एकच कुत्रा पाळला, आणि तो घोड्यासारखा चालायचा. पाळला म्हणणंही तसं खोटंच. आम्ही तिघांनी तो बनवला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट म्हणून. पाळला तो सारंगखेड्याच्या नानांनी, आपल्या घोडीच्या रिकाम्या ठाणावर. परवा देवाचा फोन आला तेव्हा मी सुरतेला, कापडाच्या कारखान्यात एका मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. देवा म्हणजे नानांचा मुलगा आणि आमच्या तिघांतला एक. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही त्याने विचारलं नाही.

"शिंगरू बंद पडनं," तो म्हणाला. "दोन दिन व्हई गयात, नाना बोली नही ऱ्हायनात. तू ये."

शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू. आमच्या कुत्र्याला नाना तेच म्हणतात, आणि नानांना दुरुस्त करायची हिंमत आमच्यात कधीच नव्हती. मी रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं. शेवटी 'घरचं जनावर आजारी' असं लिहिलं. साहेबांनी सही करताना विचारलं, म्हैस का? मी म्हटलं, नाही, कुत्रा. तेवढं तरी खरं सांगितल्याचं समाधान मिळालं.

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की नंदुरबार आलं हे मला पाटीवरून कळत नाही, शिंकेवरून कळतं. थंडीच्या दिवसांत गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत पडलेली असते, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. स्टेशनावर उतरलेले परके लोक शिंकतात आणि इकडेतिकडे बघतात. आमच्यासारखे शिंकतात आणि बरं वाटून घेतात. मी तीनदा शिंकले, रिक्षावाल्याने ओळखीचं हसून बॅग उचलली आणि मला एकदम ती खोली आठवली.

आमची खोली एका पथारीला लागून होती. मी कळसाडीची आणि सुनीता धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची, दोघी मिळून तिथे राहायचो. खिडकी उघडली तर ठसका, लावली तर सोल्डरिंगच्या धुराने डोळे झोंबायचे. त्यामुळे आम्ही ती दिवसातून चाळीस वेळा उघडायचो आणि लावायचो. राळेचा तो गोडसर करपट वास आणि मिरचीचा तिखट दर्प, दोन्ही एकत्र नाकात गेले की मला अजूनही परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं. खिडकीखाली मिरचीची देठं खुडणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या असत, तोंडावर पदर बांधून. त्यातली एक रोज सकाळी न चुकता वर बघून विचारायची, "काय व पोरीसहोन, चालना का तुमना कुत्रा?" आणि आम्ही रोज न चुकता नाही म्हणायचो. मग खालची आख्खी ओळ पदराआड हसायची.

सुनीता घरी पावरी बोलायची. मराठी ती शाळेत शिकली होती, त्यामुळे आमच्या वर्गात पुस्तकासारखं शुद्ध मराठी बोलणारी ती एकटीच. देवा आणि मी सरांसमोरही 'शे' आणि 'व्हतं' करत बसायचो आणि ती शांतपणे 'सर, मला असं सुचवावंसं वाटतं' म्हणायची. डोकंही तिचंच. मी तारा जोडायची, देवा लोखंड कापायचा, आणि त्या लोखंडात जीव घालायचं काम सुनीताचं. नाशिकच्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्र तिच्या पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत ठेवलेलं होतं. अट एवढीच की त्या वर्षी पास व्हायचं.

आणि पास होणं त्या कुत्र्यावर होतं. आमचे सर मोजकं बोलायचे. ते म्हणाले, "चाकाची गाडी दरवर्षी कोणीतरी करतंच. तुम्ही कुत्रा म्हणालात ना? मग तो चार पायांवर दारातून माझ्या टेबलापर्यंत चालत येऊ दे. नाही आला तर पुढच्या वर्षी भेटूच."

कुत्रा दिसायला बरा झाला होता. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं अंग, जुन्या चपलेच्या रबराचे कान, माझ्या फाटक्या स्वेटरची कातडी. जबडा उघडमिट करायचा, डोळ्यांत दिवे होते. उभा तर असा राहायचा की कोणीही हात पुढे करावा. पण पहिलं पाऊल टाकलं की नाकावर आपटायचा. इथेच आमचं घोडं पेंड खात होतं. चारातला कुठला पाय कधी उचलायचा आणि कधी टेकायचा, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं. जन्मभर कुत्रे पाहिले, पण कुत्रा चालतो कसा हे एकानेही कधी पाहिलं नव्हतं.

सुनीता म्हणाली, खऱ्या कुत्र्याची नोंद घेऊ. पथारीवर एक तांबडा कुत्रा होता, दिवसभर मिरचीच्या रिकाम्या गोणपाटांवर लोळायचा म्हणून बायका त्याला शेठ म्हणत. बोटाच्या पेराएवढे चार सेन्सर आम्ही त्याच्या चार पायांना चिंध्यांनी बांधले. शेठने एक चिंधी चाटली, दुसरी चावून पाहिली आणि मग चारही पाय आभाळाकडे करून झोपून गेला. बिस्किटाचा अख्खा पुडा संपला, पण शेठ हलला नाही. संध्याकाळी संगणकावर नोंद पाहिली तर एक सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुनीताने ती वहीत उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, 'कुत्रा : विश्रांती.'

तेव्हा देवा म्हणाला, "चार पाय त्या चार पाय. आमनी घोडी शे ना."

यावर आम्ही थोडा तरी विचार करायला हवा होता. इतर कुठल्या गावच्या मुलांनी केलाही असता. पण देवाचं घर सारंगखेड्याचं, जिथे यात्रेत दूरदूरचे घोडे येतात आणि जिथे मूल रांगायच्या आधी टापा ओळखतं. चार पायांचं जे काही म्हणून आहे ते घोड्यापासूनच सुरू होतं, असा त्या घराचा समज, आणि आम्ही त्या घरचा पाहुणचार घेऊन बसलो होतो.

नाना चाबूकस्वार. म्हणजे लोकांचे घोडे फेरून देणारे, त्यांना चाल शिकवणारे. चाबूक मात्र त्यांच्या हातात मी कधी पाहिला नाही. खिशात गूळ असायचा आणि तोंडात एक बारीकसा 'च्च-च्च'. आधी भिजवलेला हरभरा, मग गुळाचा खडा, मग चाल. हा क्रम सकाळी कधी चुकायचा नाही. त्यांच्या पागेत शिरलं की ओल्या हरभऱ्याचा, लिदेचा आणि गुळाचा असा एक ऊबदार वास अंगावर यायचा. ठाणावर त्यांची घोडी मैना उभी असायची, पांढरी, कानांची टोकं एकमेकींना टेकलेली. आम्ही कुत्र्याची चाल शोधतोय म्हटल्यावर नानांनी आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"कुत्राले काय चाल ऱ्हास व माय?" ते मला म्हणाले. "तो निस्ता जास. चाल ऱ्हास ती घोडाले."

मग त्यांनी आम्हाला रेवाल चाल दाखवली. मैनेवर बसले, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात घेतला आणि अंगणातून तापीच्या वाटेने निघाले. एका बाजूचे दोन्ही पाय पाठोपाठ पुढे, मग दुसऱ्या बाजूचे. चार टापांचे चार सुटे आवाज, टप टप टप टप, आणि पाठ मात्र पाटासारखी स्थिर. परत आले तेव्हा पेल्यातलं पाणी जसंच्या तसं होतं. ते त्यांनी घटाघट पिऊन टाकलं. सुनीता नेहमी कमी बोलणारी, पण त्या दिवशी तिच्या तोंडून पावरीत काहीतरी निघून गेलं. अर्थ विचारायची गरज पडली नाही.

नोंद घ्यायला आमच्याकडे एकच दिवस होता. लॅपटॉप सुनीताने एका दिवसाच्या बोलीवर मागून आणला होता आणि चार दिवसांनी यात्रा सुरू होत होती. त्या यात्रेत मैना विकायची ठरली होती. का, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. घरातल्या कोणी तो विषय काढत नव्हतं. फक्त नाना त्या आठवड्यात मैनेला दिवसातून दोनदा खरारा करत होते.

मोटारसायकल देवा चालवत होता, मध्ये मी, मागे सुनीता लॅपटॉप उघडून, असे ट्रिपल सीट आम्ही घोडीच्या बाजूने तापीकाठच्या कच्च्या रस्त्याने निघालो. मैनेच्या चारही पायांना चिंध्या बांधलेल्या. शेतातून कापूस वेचणारी माणसं सरळ उभी राहून बघत होती. थोडं पुढे गेल्यावर नानांनी लगाम खेचला आणि मान तिरकी करून म्हणाले, "थांबा. मांगला उजवा पायना नाल ढिला शे. सकाय नालबंदले बलावसू, मंग करा."

आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. सुनीता म्हणाली, "नाना, लॅपटॉप उद्या सकाळी परत द्यायचा आहे. आज झालं नाही तर होणारच नाही."

मैनेच्या मानेवरून नानांचा हात दोनदा फिरला. मग म्हणाले, "चला तं." आणि मैना तशीच चालली, टप टप टप टिक्, टप टप टप टिक्. आता मलाही ऐकू येत होतं. चौथं पाऊल केसभर उशिरा पडत होतं आणि पडताना नाल वाजत होता. त्या दुपारी तापीवरून गार वारा येत होता आणि मागे सुनीता "येतंय, येतंय" असं पुटपुटत होती, ते अजून माझ्या कानात आहे.

सुनीताने जागेवरच ती चाल कुत्र्याच्या बोर्डावर चढवली, आणि कुत्रा नानांच्या अंगणात चालला. पहिल्यांदाच, नाकावर न पडता. आम्ही इतके ओरडलो की कोंबड्या भिंतीवर जाऊन बसल्या. लॅपटॉप परत गेला आणि मालकाने त्यातलं सगळं पुसून टाकलं. पण आमची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये होती. सुनीताने ती देवाकडे दिली, "जिवापाड जप" म्हणून. देवाने ती तेवढंच बजावून नानांकडे दिली. आणि नानांनी ती घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. म्हणजे चामड्याच्या तुकड्यात शिवून, मैनेच्या गळ्यातल्या काळ्या गंड्यात. त्यांचंही काही चुकलं नाही. त्या गळ्याला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायची छाती करत नव्हतं.

जनावर विकताना दावं देत नाहीत, घराची बरकत जाते म्हणून. नानांनी यात्रेत दावं सोडून घेतलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं. गंडा मात्र नजरेचा, तो घोडीचा. तो सोडला तर घोडीला दृष्ट लागेल. तेव्हा गंडा मैनेबरोबर गेला, आणि गंड्याबरोबर आमचं प्रोजेक्ट, कुठे ते देव जाणे. कोणी राजस्थान म्हणालं, कोणी पंजाब. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. सुनीता चार दिवस आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, "आता ती चाल जगात फक्त या बोर्डावर आहे, आणि त्यातून ती परत काढता मला येत नाही. याला कोणी हात लावायचा नाही."

परीक्षा मे महिन्यात झाली. पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता. बाहेरून आलेले परीक्षक रुमालाने मान पुसत बसले होते, शेजारी आमचे सर. दाराशी आम्ही कुत्रा ठेवला आणि बटण दाबलं. कुत्रा निघाला. मान वर, पाठ सपाट, मागे मैनेच्या केसांचं झुपकेदार शेपूट. ते नानांनी जातीने बसवून दिलं होतं. आधीचं तारेचं शेपूट त्यांना बघवत नव्हतं. टप टप टप टिक् करत तो ऐटीत टेबलापर्यंत गेला आणि थांबला. सरांच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला. परीक्षकांच्या चेहऱ्यावर मात्र तसलं काही नव्हतं.

"हा कुत्रा आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर," आम्ही तिघेही म्हणालो.

"मग घोड्यासारखा का चालतो?"

बॅटरी, मोटर, सर्किट, सगळ्यांची उत्तरं मी पाठ करून गेले होते. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी सुनीता म्हणाली, "सर, कुत्रा नोंद द्यायला तयार नव्हता."

परीक्षकांनी कुत्र्याकडे बोट केलं. "आणि हा मागचा उजवा पाय उशिरा पडतोय."

"सर, नाल ढिला आहे."

सुनीताचं नाशिक त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरून गाडी सुटावी तसं निघून गेलं. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. आणि तेवढ्यात, वरातीमागून घोडं म्हणतात तसे, दारात नाना उभे. पांढरं धोतर, यात्रेतला फेटा, हातात पाण्याचा पेला. शिपायाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. सरळ आत आले, कोणाकडे न बघता वाकले, आणि काठोकाठ भरलेला पेला कुत्र्याच्या पाठीवर ठेवला.

"आते चालाड," ते मला म्हणाले.

मी बटण दाबलं. कुत्रा वळला, टेबलापासून दारापर्यंत गेला आणि परत आला. पेल्यातलं पाणी थेंबभरही सांडलं नाही. नानांनी पेला उचलून परीक्षकांच्या पुढे धरला, आणि त्या माणसाने, उन्हाने बेजार होऊन आलेल्या त्या बिचाऱ्याने, तो खरंच पिऊन टाकला. मग अहवालातला 'कुत्रा' शब्द खोडून तिथे स्वतःच्या अक्षरात 'चतुष्पाद' लिहिलं आणि सही केली. सुनीता पास झाली. आम्ही दोघेही झालो, पण त्या दिवशी आम्ही बाहेर येऊन रडलो ते सुनीतासाठी.

नाना मात्र आत कुत्र्याशेजारी उकिडवे बसून होते. मैना जाऊन पाच महिने झाले होते. "हाई मैनानं शिंगरू शे," ते म्हणाले, "हाई आठे काय करी?" आणि काखोटीला मारून निघाले. एसटीत कंडक्टरने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं, तर नाना म्हणाले, "हाई जनावर नही शे, हाई प्रोजेक्ट शे." तो शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचाच वापरला.

या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली. मी सारंगखेड्याला पोचले, तर पागा तशीच होती. हत्ती गेला शेपूट राहिलं म्हणतात. इथे घोडी गेली आणि शेपूट खरोखरच राहिलं. ठाणावर आमचा कुत्रा उभा होता, मैनेच्या त्याच दाव्याने बांधलेला, पुढे मूठभर भिजवलेला हरभरा. बाजूच्या खाटेवर नाना. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच समजतं. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्यांनी मान वळवली.

"उनी का व माय?" एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. इतक्या दिवसांतलं ते पहिलं वाक्य, असं देवाने मला खुणेने सांगितलं.

देवाचं आता शहाद्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तरी कुत्र्याच्या पोटाला त्याने हात लावला नव्हता, सुनीताने घातलेली बंदी नऊ वर्षं पाळली होती. मोबाईल खांबाला टेकवून नाशिकहून सुनीतालाच समोर बसवलं. ती आता तिथे वीस जणांवर साहेब आहे. पण चेहरा तोच, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा. मी स्क्रू काढले, पोटाचं झाकण उघडलं, आणि आतून मुंग्यांची एक अख्खी वसाहत माझ्या मनगटावर चढली. तारांवर मुंग्या, मोटरींवर मुंग्या, बॅटरीच्या खाली अंडी. सगळ्यावर तपकिरी चिकट थर. मी वास घेतला. गूळ.

"नाना," मी विचारलं, "याले काही खावाडं का तुम्ही?"

"मी? नही."

मी तो चिकट थर त्यांच्या बोटाला लावला.

"थोडासा गूय," नाना म्हणाले. "इतलासा. सकायमा." आणि मग रागावून, "तोंड उघाडस तो, मंग काय करू?"

चुकलं आमचंच होतं. जबडा आम्हीच उघडमिट करायचा केला होता. मी ब्रश आणि थिनर घेऊन दोन तास मुंग्या काढल्या. बॅटरी नवी घातली, बटण दाबलं. डोळ्यांतले दिवे लागले. पाय हलले नाहीत. पुन्हा दाबलं. नाहीच. त्या बोर्डावर काय होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हतं.

सुनीताने हळू आवाजात सांगितलं, "बोर्ड गेला असेल. तू नवा आणला आहेस ना? मी कुत्र्याची चाल पाठवते. आता मला चांगली लिहिता येते."

देवा माझ्या कानाशी आला. "टाकी दे नवी. त्यासले कोठे दिसस?"

खरं सांगते, मलाही तेच बरं वाटलं. इतके दिवस न बोललेला म्हातारा माणूस पुन्हा पहिल्यासारखा बोलेल, एवढंच हवं होतं. नवा बोर्ड घातला, सुनीताने चाल पाठवली. कुत्रा ठाणावरून उतरून फरशीवर चालू लागला, मऊ, सारखा, एकही पाऊल न चुकता. नऊ वर्षांत प्रथमच तो कुत्र्यासारखा चालत होता. आमचे सर असते तर शंभरपैकी शंभर दिले असते.

नानांनी तीन पावलं ऐकली. कपाळाला आठी पडली.

"हाऊ कोना कुत्रा उना घरमा?" ते म्हणाले. "काढा त्याले बाहेर."

आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी लाज वाटली. मी निमूटपणे नवा बोर्ड काढला आणि जुना पुन्हा हातात घेतला. देवाने दुकानातून भिंग आणलं. एकेक पिन, एकेक जोड आम्ही उन्हाकडे धरून बघत गेलो. सुनीता जेवायची सुट्टी सोडून समोर बसून होती. चिपच्या खाली, दोन पिनांच्या मधोमध, मोहरीएवढा गुळाचा कण काचेसारखा घट्ट होऊन बसला होता. देवाने चहासाठी ठेवलेल्या गरम पाण्यात कापसाची वात बुडवून तो ओला केला, मी सुईने काढला, फुंकर मारून वाळवला. फुंकर मारताना मी देवाचं नाव घेतलं. आकाशातल्या की शेजारच्या, ते तेव्हा मलाही कळलं नाही. ऊन खांबावरून खाली आलं होतं. बोर्ड पुन्हा पोटात बसवला. बटण दाबलं.

टप टप टप टिक्.

टप टप टप टिक्.

कुत्रा मान वर काढून, पांढरं शेपूट झुलवत पागेतून अंगणात निघाला. फोनमध्ये सुनीता तोंडावर हात ठेवून बसली होती. मग तिने हात काढला आणि ओरडली, "आधी प्रत काढ त्याची! आत्ताच!" देवाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. आवाजाच्या रोखाने नानांनी हात पुढे केला, "दे आठे, मी ठेवस जपीसन," आणि आम्ही तिघेही एकदम "नको" म्हणून ओरडलो.

नाना हसले. कोंबड्यांमधून कुत्रा परत येत होता आणि ते मान तिरकी करून ऐकत होते, तापीकाठच्या त्या दुपारी ऐकलं होतं तसंच. तो खाटेशी येऊन थांबला. त्यांनी चाचपून त्याची पाठ शोधली आणि स्वेटरच्या लोकरीवर हात ठेवला.

"नाल आजूनबी ढिलाच शे," ते म्हणाले. "देवा, सकाय नालबंदले बलाव."

देवाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हो म्हणून सोडून देईल. त्याने मोबाईल हातात घेतला, अंगणाच्या कडेला जाऊन खरोखरच नालबंदाला फोन लावला. पलीकडून, कोणाचं घोडं, असं विचारलं असणार, कारण तो थोडा थांबला.

"मैनानं शिंगरू शे," तो म्हणाला. "मांगला उजवा पाय."